एसपीएचमधला ग्रेडियंट: कर्नलचं अवकलन की इंटिग्रल पद्धत?

1977 मध्ये खगोलशास्त्रासाठीच जन्मलेल्या एसपीएचमध्ये (स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्स, म्हणजे वायू-द्रवांचं संगणकीय सिम्युलेशन करण्याची एक पद्धत) वायू म्हणजे कणांचा समूह. एखाद्या कणापाशी दाबाचा ग्रेडियंट (जागेनुसार दाब किती बदलतो ते) हवा असेल, तर जुनी रीत सरळ आहे: कर्नलचं, म्हणजे शेजारच्या कणांना अंतरानुसार किती वजन द्यायचं ते ठरवणाऱ्या फलनाचं, अवकलन करा आणि शेजाऱ्यांवर बेरीज घ्या. ही रीत स्वस्त आहे. शिवाय बल दोन कणांना जोडणाऱ्या रेषेतच लागत असल्यामुळे संवेग आणि कोनीय संवेग दोन्ही अचूक जपले जातात.

पण कण विस्कटले की पंचाईत होते. दाब सगळीकडे सारखा असला तरी बेरीज शून्य येत नाही, आणि कण उगाच ढकलले जातात. एकमेकांवरून वेगवेगळ्या वेगाने सरकणाऱ्या दोन थरांच्या केल्विन-हेल्महोल्ट्झ चाचणीत हे डोळ्यांना दिसतं: घनतेत मोठा फरक असलेल्या दोन थरांमध्ये भेग पडते आणि भोवरे गुंडाळलेच जात नाहीत. शेजारी वाढवून त्रुटी कमी होते, पण गणनेचा खर्च वाढतो.

गार्सिया-सेन्झ, काबेझोन आणि एस्कार्तिन यांनी 2012 मध्ये मांडलेली पद्धत अवकलन टाळते. प्रत्येक कणासाठी एक इंटिग्रल मांडायचा, शेजाऱ्यांच्या स्थानांवरून 3×3 सममित मॅट्रिक्स बनवायचा आणि त्याचा व्यस्त काढायचा. पूर्ण रूपात रेषीय फलनाचा ग्रेडियंट तंतोतंत येतो, पण संवेग जपला जात नाही. म्हणून व्यवहारात एक पद गाळतात: थोडी अचूकता जाते, रेषीय संवेग टिकतो. कोनीय संवेगाची मात्र काटेकोर हमी उरत नाही. वायूच्या फिरत्या चकतीचं सिम्युलेशन दीर्घकाळ चालवणाऱ्यांनी त्यावर नजर ठेवावी.

मिश्रण किंवा अस्थिरता अभ्यासायची असेल तर मी डोळे झाकून इंटिग्रल पद्धत घेईन. मॅट्रिक्सचा जादा खर्च गुरुत्वाकर्षणाच्या गणनेपुढे किरकोळच.