गाडीचे ऑइल घरी बदलताना खाली काय ठेवावे : घमेले, कापलेला कॅन की बंद ड्रेन पॅन?

घरच्या घरी गाडीचे इंजिन ऑइल बदलायचे ठरले की बहुतेकांचा सगळा विचार ऑइलचा ग्रेड, फिल्टर आणि पाने यांवर खर्च होतो, आणि जुने ऑइल ज्यात सोडायचे त्या भांड्याची आठवण चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साचते त्या भागाचा, बोल्ट अर्धा सैल झाल्यावर होते. मग हाताला लागेल ते गाडीखाली सरकवले जाते. मी या कामासाठी आजवर प्लास्टिकचे घमेले, कापलेला कॅन, खाद्यतेलाचा पत्र्याचा डबा आणि विकतचा बंद ड्रेन पॅन अशी चार भांडी वापरली आहेत. ऑइल झेलण्याचे काम ही चारही भांडी कमीअधिक नीट करतात. त्यांच्यातला खरा फरक कळतो तो नंतर, भरलेले भांडे गाडीखालून ओढून, उचलून, त्यातले ऑइल दुसऱ्या कॅनमध्ये ओतेपर्यंतच्या दहा मिनिटांत. त्यामुळे पुढील तुलनेत मी ओतण्याला जास्त गुण दिले आहेत, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

आधी मापे पाहू. लहान पेट्रोल हॅचबॅकमध्ये फिल्टरसह साधारण ३ ते साडेतीन लिटर ऑइल बसते, तर इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ लिटर डिझेल इंजिनात ते ७ लिटरच्या पुढे जाते; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. भांडे या आकड्याच्या किमान दीडपट ऑइल मावेल एवढे असावे, कारण काठोकाठ भरलेले भांडे जागचे हलवता येत नाही. दुसरे माप उंचीचे. आपल्याकडच्या हॅचबॅक गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा तळ यांतले अंतर, १६० ते १७० मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे गाडी रॅम्पवर न चढवता काम करायचे असेल तर १२ सेंटिमीटरपेक्षा उंच भांडे आत गेले तरी वर पाना फिरवायला जागा उरत नाही. रॅम्प असतील तर ही अडचण जवळजवळ संपते. येथेच सांगून ठेवतो की नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. रॅम्प किंवा भक्कम स्टँड हवेत आणि जमिनीवर टेकलेल्या चाकांना अडण हवी. या खर्चात काटकसर करून चांगला पॅन घेण्यात काही अर्थ नाही.

तिसरे माप रुंदीचे, आणि त्याचा अंदाज पहिल्यांदा काम करणाऱ्याला हमखास चुकतो. पुष्कळ गाड्यांत चेंबरचा बोल्ट तळाला खाली तोंड करून नसतो. तो बाजूला, आडवा बसवलेला असतो. बोल्ट शेवटच्या आट्यातून सुटला की गरम, पातळ झालेले ऑइल सरळ खाली पडत नाही, तर छिद्रापासून वीतभर पुढे झेप घेते. चेंबर रिकामा होत जाईल तशी ही धार मागे मागे सरकते आणि शेवटी थेंब छिद्राच्या बरोबर खाली, किंवा चेंबरच्या पत्र्यावरून ओघळून त्याच्याही मागे पडू लागतात. म्हणजे भांड्याला पहिली उसळी आणि शेवटचा थेंब असे दोन्ही सांभाळावे लागतात. त्यात फिल्टरची भर पडते. फिल्टर सैल करताच त्यातले पावशेर-अर्धा लिटर ऑइल इंजिनावरून, कधी आडव्या तुळईवरून वाट काढत दोन-तीन ठिकाणी गळते. रुंद भांडे या कामात निर्विवाद सरस ठरते.

मात्र जे भांडे झेलायला चांगले तेच उचलायला वाईट. साधा हिशेब करून पाहा. ४५ बाय ३५ सेंटिमीटरच्या उघड्या ट्रेमध्ये साडेतीन लिटर ऑइल जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर उंचीचा थर धरते. एवढा पातळ आणि पसरट थर उचलताच एका बाजूला धावतो, आपण तो सावरायला ट्रे उलट कलंडवतो, आणि तो दुसऱ्या बाजूला धावतो. दिवाळीत पणत्यांनी भरलेले ताट घेऊन जिना उतरणाऱ्याला ही कसरत ओळखीची वाटेल.

आता एकेक भांडे घेऊ. प्लास्टिकचे घमेले कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात शे-दोनशे रुपयांत मिळते. त्याच्या भिंती उतरत्या असल्यामुळे वरचा घेर मोठा आणि तळ लहान असतो, म्हणून झेलायला तोंड मोठे मिळते आणि ऑइल मात्र मध्यभागी पाच-सहा सेंटिमीटर खोल साचते, त्यामुळे ट्रेच्या मानाने ते कमी हिंदकळते. हा गुण कोणी ठरवून दिलेला नसला तरी कामाचा आहे. दोष एकच, पण मोठा : त्याचा काठ गोल आणि बाहेर वळलेला असतो. ओतताना ऑइल एका धारेत पडत नाही, काठाखालून मागे वळते, घमेल्याच्या पोटावरून ओघळते आणि मनगटावरून बाहीत शिरते. मोठे नरसाळे आणि कॅन धरायला दुसरा माणूस असेल तर घमेले चालेल. एकट्याने काम करणाऱ्याने त्याच्या वाटेला न गेलेले बरे. जुनी परात वापरणारेही मी पाहिले आहेत. तिची गतही तीच, शिवाय ती पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये.

खाद्यतेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा आडवा करून त्याची लांब बाजू कापली की गॅरेजमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेले भांडे तयार होते. डब्याची जाडी साधारण साडेतेवीस सेंटिमीटर असल्यामुळे रॅम्पशिवाय तो गाडीखाली जाणार नाही. त्याच्या भिंती दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत कापून खाली आणाव्या लागतात आणि कापलेली कड पक्कडीने आत दुमडून ठोकावी लागते, नाहीतर ती ब्लेडसारखी हात कापते. एवढे कष्ट घेतले तर बदल्यात काय मिळते? उष्णतेची काळजी नाही, आणि ओतायला चौकोनी कोपरा. हा कोपरा घमेल्याच्या काठापेक्षा फारच शहाणा असतो, त्यातून ऑइलची बारीक धार नेमकी नरसाळ्यात जाते. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत पत्रा गंजतो, पण आतून ऑइलचा हात फिरलेला असल्यामुळे तो बाहेरूनच गंजतो आणि डबा बरीच वर्षे टिकतो.

प्लास्टिकच्या बाबतीत तळाशी त्रिकोणात कोरलेला आकडा अवश्य पाहावा. २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ही दोन्ही या कामाला योग्य आहेत, कारण पहिले साधारण १३० आणि दुसरे साधारण १६० अंश सेल्सियसला वितळते. आकडा १ असेल तर ते पीईटी, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या पारदर्शक बाटल्यांचे प्लास्टिक, आणि ते ७० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. चालत्या इंजिनातले ऑइल ९० ते ११० अंशांपर्यंत तापलेले असते. गाडी थोडी फिरवून आणून, मग दहा-पंधरा मिनिटे थांबून ऑइल सोडावे असे सांगतात ते यासाठीच : ऑइल पातळ राहते, पण हात आणि भांडे दोन्ही भाजत नाहीत. घाई करणाऱ्याच्या हातात पाण्याचा पारदर्शक कॅन असेल तर त्याचा तळ सुरकुतून बसतो.

एचडीपीईचा कॅन कापून केलेले भांडे मला फुकटातले सर्वोत्तम वाटते. दहा लिटरचा रिकामा कॅन आडवा ठेवायचा, वर आलेल्या रुंद बाजूत खिडकी कापायची, पण चारी बाजूंनी दोन-तीन बोटे कड सोडायची. ही कड हिंदकळलेले ऑइल आत परतवते, आणि कॅनची मूळ मूठ व मूळ बूच तसेच राहते. बुचाचे तोंड थेट दुसऱ्या कॅनच्या नरसाळ्यात धरून ओतता येते. काठावरून ओघळण्याचा प्रश्नच उरत नाही. त्याची उणीव रुंदीत आहे. खिडकी फार तर वीत-दीड वीत लांब मिळते, त्यामुळे पहिली उसळी झेलण्यासाठी कॅन पुढे ठेवावा लागतो आणि धार मागे येऊ लागली की पायाने हळूच मागे सरकवावा लागतो. फिल्टरखाली वेगळे काहीतरी ठेवावेच लागते. आणि रॅम्प नसतील तर आडव्या कॅनची उंची आधी मोजून घ्यावी, कारण पुष्कळ दहा लिटरचे कॅन आडवे केले तरी १६ सेंटिमीटरपेक्षा उंच भरतात.

विकतचा बंद ड्रेन पॅन म्हणजे पसरट, चपटा कॅन. त्याच्या वरच्या अंगाला परातीसारखा खोलगट भाग असतो, त्यात मध्यभागी जाळीचे छिद्र, एका कोपऱ्यात झाकणाची चोच, आणि दुसरीकडे हवेचे लहान झाकण. ऑइल खोलगट भागात पडते, छिद्रातून आत उतरते, काम झाले की छिद्र बंद करून पॅन सुटकेससारखा उभा उचलता येतो. झेलायला रुंद आणि न्यायला बंद, ही दोन परस्परविरोधी कामे एकाच भांड्यात जमवणारा मला माहीत असलेला हाच एक प्रकार आहे. हातातून निसटलेला बोल्ट जाळीवर थांबतो, गरम ऑइलमध्ये बोटे घालून शोधावा लागत नाही, हा फायदा ज्याने एकदा तरी घमेल्यात बोल्ट शोधला आहे त्यालाच पुरता कळेल. किंमत मात्र घमेल्याच्या कितीतरी पट असते.

या पॅनची एक खोड सांगितलीच पाहिजे. आत ऑइल जायचे तर आतली हवा बाहेर आली पाहिजे. पहिल्याच वेळी मी हवेचे झाकण उघडायला विसरलो. धार सुरू झाली, छिद्रापाशी मोठे बुडबुडे येऊ लागले, आत उतरण्याचा वेग मंदावला, आणि वरचा खोलगट भाग माझ्या डोळ्यांदेखत काठापर्यंत चढला. मी झाकणाकडे हात नेईपर्यंत अर्धा लिटर तरी ऑइल पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर होते. पेव्हर ब्लॉक ऑइल शोषून घेतात. लाकडाचा भुसा टाकून, दोनदा घासूनही तो डाग सोसायटीच्या पुढच्या बैठकीपर्यंत टिकला. त्यानंतर भांडे कोणतेही असो, खाली खोक्याचा उलगडलेला पुठ्ठा अंथरल्याशिवाय मी बोल्टला हात लावत नाही. पॅन विकत घेताना छिद्र किती मोठे आहे तेही पाहावे : ज्यात दोन बोटे सहज जात नाहीत असा पॅन पहिल्या जोरदार धारेला पुरत नाही.

डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीच्या) नळीतून ऑइल वर ओढणारे हातपंप आणि १२ व्होल्टचे पंपही मिळतात. गाडीखाली शिरावे लागत नाही हा त्यांचा मोठा गुण, आणि गुडघे किंवा कंबर साथ देत नसेल त्याच्यासाठी तो निर्णायक ठरू शकतो. परंतु नळी तळापर्यंत पोहोचेल की नाही हे इंजिनाच्या घडणीवर अवलंबून असते, तळाचा गाळ आतच राहण्याची शक्यता असते, आणि फिल्टर खालच्या बाजूने असेल तर शेवटी खाली जावेच लागते. चाकांवर फिरणारी उंच नरसाळ्याची गॅरेजची टाकी लिफ्टवर उंच उचललेल्या गाडीसाठी बनवलेली असते. घरी तिचा विचारही करू नये.

रंगाकडे कोणी लक्ष देत नाही, पण द्यावे. बाजारातले बरेच पॅन काळे असतात आणि काळ्या पॅनमध्ये काळे ऑइल काहीच सांगत नाही. पांढऱ्या किंवा पिवळ्या भांड्यात टॉर्च मारला की धातूची चमकणारी कणी दिसते, दुधाच्या कॉफीसारखा रंग दिसला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) किंवा पाणी मिसळल्याचा संशय घेता येतो. आतल्या बाजूला लिटरच्या खुणा असतील तर त्याहून उत्तम : साडेतीन लिटर भरले आणि अडीचच निघाले, तर उरलेले कोठे गेले हा प्रश्न वेळेवर विचारता येतो.

यानंतर उरते काळे ऑइल. ते दाराच्या चौकटीला वाळवीसाठी लावणे किंवा स्लॅबच्या सेंटरिंगच्या प्लेटांना फासायला देणे ही जुनी, पण वाईट सवय आहे. गटारात ओतणे त्याहून वाईट. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या ऑइलची गणना घातक कचऱ्यात होते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यापर्यंत जायला हवे. व्यवहारात सोपा मार्ग म्हणजे ओळखीच्या गॅरेजवाल्याला त्याच्या ड्रममध्ये घेशील का आणि पुढे ते कोण नेतो, हे आधी विचारून ठेवणे. ऑइलमध्ये कूलंट, ब्रेक ऑइल किंवा पेट्रोल मिसळलेले नसावे. बंद पॅन आणि कापलेला कॅन यांच्यातला फरक येथे पुन्हा दिसतो : बंद पॅन तसाच डिकीत उभा ठेवून गॅरेजपर्यंत नेता येतो, एक ओतणे वाचते.

माझा सल्ला विचाराल तर असा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्षातून एकदा-दोनदा काम करणाऱ्या हॅचबॅकच्या मालकाने आठ-दहा लिटरचा, फिकट रंगाचा, मोठ्या छिद्राचा बंद पॅन घ्यावा. तेथे सांडण्याची किंमत पॅनच्या किमतीपेक्षा जास्त असते. स्वतःचे अंगण आहे, रॅम्प आहेत आणि पहिलाच प्रयत्न आहे, तर कापलेल्या कॅनने सुरुवात करावी आणि फिल्टरखाली घमेले ठेवावे. मोठ्या डिझेल गाडीसाठी अकरा-बारा लिटरच्या आतला पॅन घेऊच नये. आणि कोणतेही भांडे घेण्यापूर्वी गाडीखाली टॉर्च मारून बोल्टचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते पाहावे. खाली तोंड असेल तर कमी रुंदीचे भांडे चालून जाईल.

काम झाल्यावर भांडे धुऊ नये, वर्तमानपत्राने पुसून ते कागद वेगळ्या पिशवीत ठेवावेत. बंद पॅनमध्ये थोडे ऑइल राहतेच, म्हणून तो आडवा ठेवायचा नाही, चोच वर करून उभा ठेवायचा. माझ्या पॅनच्या हवेच्या झाकणाला मी लाल चिंधी बांधून ठेवली आहे. पॅन गाडीखाली सरकवताना ती समोर लोंबते, आणि झाकण उघडून ती बाजूला केल्याशिवाय जाळीचे छिद्र दिसतच नाही.