मिरजेतली स्मरणपुस्तिका सेवा : शेती आणि रेल्वे दोन्ही केलेल्या माणसासाठी कितपत उपयोगी?

वर्षश्राद्धाला वाटायची स्मरणपुस्तिका छापून घेण्याची पद्धत सांगली-मिरजेकडे चांगलीच रुळली आहे. हे परीक्षण मिरजेच्या किल्ला भागातल्या एका लहान छापखान्याच्या सेवेचं आहे. माहिती लिहून घेणं, जुने फोटो साफ करणं, मांडणी, छपाई, बांधणी सगळं तिथेच होतं. पुस्तिका होती रेल्वेत गँगमन (रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीतला कामगार) म्हणून लागून त्याच टोळीचा मुकादम म्हणून निवृत्त झालेल्या आणि नोकरीभर ऊस-हळद पिकवलेल्या एका गृहस्थांची. छपाई उत्तम झाली, वागणूक आपुलकीची होती. पण अशा माणसाचं आयुष्य त्यांच्या फॉर्ममध्ये मावत नाही. ते घरच्यांनीच बसून भरून घ्यावं लागतं.

फॉर्ममध्ये 'नोकरी : रेल्वे' आणि 'शेती : बागायत' अशा दोन ओळी आहेत. त्यावरून लिहिणारा एक पान नोकरीचं आणि एक पान शेतीचं करतो. प्रत्यक्षात ही दोन कामं एकाच दिवसात, एकाच अंगावर होती. जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली (सुमारे दीड वर्षाने तुटणाऱ्या) उसाची लागण असते आणि रुळांवरची पावसाळी गस्तही तेव्हाच चालू असते. रात्री कंदील, झेंड्या, शिट्टी आणि धोक्याचा इशारा द्यायचे फटाके घेऊन ठरलेल्या हद्दीत चालायचं, हद्द संपते तिथे समोरून आलेल्या गस्तवाल्याशी गस्तीचं पुस्तक बदलून परत फिरायचं, आणि सकाळी शेतात सरीत कांड्या दाबायला उभं राहायचं. हळदीची लागण अक्षय्यतृतीयेच्या आसपास. त्याच दिवसांत लांब वेल्ड केलेले रूळ दुपारच्या उन्हात प्रसरण पावू पाहतात, लाईन वाकण्याचा धोका असतो, म्हणून उन्हाळी गस्त सुरू असते. फेब्रुवारी-मार्चला हळद निघाली की काहिलीत (मोठ्या कढईत) शिजवायला घरचा माणूस हवाच, म्हणून रजा तेव्हासाठी राखलेली. छापखान्याकडून बारा महिन्यांचं एक पान मागून घ्या : डावीकडे रेल्वेचं काम, उजवीकडे शेतातलं. आमच्या मते पुस्तिकेतलं हे सर्वांत मोलाचं पान. त्यांनी ते जादा पैसे न घेता केलं, मात्र आपण होऊन सुचवलं नाही.

तारखांच्या बाबतीत सावध राहावं लागतं. त्या पिढीत बऱ्याच जणांची कागदावरची जन्मतारीख शाळेत घातलेली 1 जून असते. महिन्याच्या 1 तारखेला जन्म असेल तर रेल्वेची निवृत्ती आदल्या महिन्याच्या अखेरीस, म्हणजे 31 मे रोजी होते. कच्च्या प्रतीत 30 जून छापून आलं होतं. निवृत्तीचं वय 1998 मध्ये 58 वरून 60 झालं, तेव्हा वर्षांची बेरीज करतानाही कोणतं वय धरायचं ते बघा. 'नोकरीला लागले' याच्याही बहुधा दोन तारखा असतात : एक कॅज्युअल (हंगामी) म्हणून हजेरीपटावर नाव चढल्याची आणि एक कायम झाल्याची. दोन्ही द्या, कारण मधली वर्षं सर्वांत कष्टाची असतात. 'पुणे विभाग' हा शब्दही सरसकट वापरू नका, रेल्वेचा तो विभाग 2003 मध्ये झाला. पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि सर्व्हिस रेकॉर्डची प्रत सोबत नेली तर यातले बहुतेक घोळ टळतात.

फोटोंच्या ओळींमध्येही चुका होत्या. मिरजेत एके काळी तिन्ही गेज (दोन रुळांमधलं अंतर) नांदत होते : 1676 मिमीचा ब्रॉडगेज, 1000 मिमीचा मीटरगेज आणि बार्शी लाईट रेल्वेची 762 मिमीची छोटी लाईन, जी 1927 मध्ये मिरजेपर्यंत आली. पुणे-मिरज मार्ग 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉडगेज झाला. त्यामुळे फोटो कुठल्या लाईनवरचा, हे कळलं तर काळाचाही अंदाज लागतो. छापखान्याने छोट्या लाईनच्या फोटोखाली 'मीटरगेज' लिहिलं होतं, सांगितल्यावर लगेच बदललं. शेताच्या फोटोचंही तसंच. 1975 च्या सुमाराच्या फोटोतल्या उसाला 'को 86032' या वाणाचा म्हणणं चूक आहे, कारण नावातला 86 हा निवडीच्या वर्षाचा आकडा असतो. त्या काळी इकडे को 740 लावत.

मजकूर लिहिणाऱ्याने 'रुळावर फटाके वाजवून गाडी थांबवली' असं वाक्य केलं होतं. फटाका कोणी वाजवत नाही. तो रुळावर अडकवतात, चाक वरून गेलं की फुटतो आणि ड्रायव्हरला धोका कळतो. ब्रॉडगेजवर धोक्याच्या जागेपासून 600 मीटरवर एक आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन, असा नियम आहे. ते अंतर धावत जाऊन कापावं लागतं, आणि या माणसांच्या कामाची जोखीम त्यातच आहे. असे तपशील घालायला सांगितले की ते घालतात, कापत नाहीत. हा त्यांचा मोठा गुण.

फोटोंचं काम निम्मं चांगलं, निम्मं खटकणारं. साडेतीन सेंटिमीटर रुंदीचा पासपोर्ट फोटो त्यांनी 1200 डीपीआयने (इंचाला 1200 ठिपके) स्कॅन केला, त्यामुळे 300 डीपीआयने छापताना चौपट, 14 सेंटिमीटर रुंद होऊनही फुटला नाही. काचेला चिकटलेला फोटो सोलून न काढता काचेवरूनच टिपला, हेही बरोबर. पण सफाईत सावळा चेहरा गोरा करून टाकला, कपाळावरच्या सुरकुत्या पुसल्या. उन्हात आयुष्य गेलेल्या माणसाचा तो चेहराच त्याची ओळख असतो. 'फक्त डाग आणि चिरा काढा, रंगाला हात लावू नका' असं फॉर्मवर लिहूनच द्या.

प्रूफ (छपाईआधी तपासायची प्रत) मोबाईलवर पाठवतात, ते मान्य करू नका. मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरं मोडतात. 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना', 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' असं होतं. छोट्या पडद्यावर ते दिसत नाही, कागदावर लगेच दिसतं. नातेवाईकांची नावं दोघांनी वेगवेगळी तपासावीत, एकाने घरात मोठ्याने वाचून दाखवली तर अधिक चांगलं.

मधली पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत ठेवावी लागतात. 48 पानांपर्यंत पिन ठीक बसते. त्यापुढे कागद जाड असेल तर पुस्तिका मिटत नाही. मजकुराला 80 जीएसएम (कागदाच्या जाडीचं माप) मॅपलिथो, म्हणजे न चकाकणारा साधा कागद, आणि फोटोंच्या पानांना 130 जीएसएम आर्ट पेपर, हा त्यांचा सल्ला योग्य आहे. सगळीच पुस्तिका आर्ट पेपरवर घेतली तर चकाकीमुळे वयस्क माणसांना वाचायला त्रास होतो.

दर पानं आणि प्रती यांवर ठरतो. घरी येऊन माहिती लिहून घेण्याचे वेगळे घेतात. ते पैसे द्यावेत, पण त्या दिवशी गँगमधला एखादा जुना सहकारी आणि शेताच्या बांधाचा शेजारी दोघांनाही बोलावून बसवावं. दिवाळी आणि लग्नसराईत छापखान्यावर पत्रिकांची गर्दी असते, म्हणून वर्षश्राद्ध त्या दिवसांत येत असेल तर काम दोन महिने आधी टाकावं.