बिडल्फ ग्रेंज: तिन्ही ऋतूंत पाहिलेली व्हिक्टोरियन बाग

ब्रिटनमधल्या जुन्या वास्तू आणि बागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं वार्षिक सदस्यत्व घेतल्यापासून इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमधल्या या बागेत आमचं जाणं-येणं चालूच आहे. वसंत, उन्हाळा, पानगळ सगळं पाहून झालं, म्हणून आता सविस्तर लिहिते.

जेम्स बेटमन हा ऑर्किडवेडा गृहस्थ. 1862 मध्ये डार्विनला मादागास्करचं, फुलाला मधाची लांब नळी असलेलं ऑर्किड पाठवणारा हाच. 1840 नंतर त्याने ही बाग उभी केली, मदतीला समुद्रचित्रं काढणारा एडवर्ड कुक होता. जगभरातून आलेल्या झाडांसाठी त्यांनी वेगवेगळे विभाग रचले: चीन, इजिप्त, इटली वगैरे.

मला सर्वांत थोर वाटतात ते या विभागांमधले सांधे. जागा फार मोठी नाही, तरी एका विभागातून दुसरा दिसतच नाही. मध्ये खडक, कुंपणं, मातीचे उंचवटे. यू नावाची सदाहरित झाडं कातरून केलेल्या पिरॅमिडसमोर दगडी स्फिंक्स बसलेत. दारातून आत अंधारात जा, लालसर उजेडात थोथ या इजिप्शियन देवाचं वानर दिसतं, आणि पलीकडून बाहेर पडावं तर आपण चेशरच्या लाकडी चौकटीच्या घरातून बाहेर! रचना पाठ झाल्यावरही मला दर वेळी तितकीच मजा येते. चीनच्या विभागातही बोगद्यातूनच शिरायचं, मग एकदम तळं, पूल आणि रंगीत मंदिर.

स्टंपरीत उपटलेले बुंधे मुळ्या वर करून रचलेत, मध्ये नेचे. पावसाळी दिवशी हाच भाग सर्वांत सुंदर.

मधल्या काळात इथल्या वाड्यात हॉस्पिटल होतं आणि बागेची पार रया गेली होती. 1988 मध्ये ट्रस्टने ती ताब्यात घेतली आणि बुजलेले भाग खणून, जुन्या नोंदी पाहून पुन्हा उभे केले. डेलियाची वाट त्यातलीच. ही मेहनत पाहिली की सदस्यत्वाची वर्गणी मनापासून द्यावीशी वाटते.

ऱ्होडोडेंड्रॉनसाठी मे, डेलियासाठी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. चीनच्या विभागातला जुना गोल्डन लार्च वृक्ष सोनेरी झालेला पाहायचा तर ऑक्टोबरअखेर. एकदाच जमणार असेल तर मी सप्टेंबर सुचवेन.

पायऱ्या बऱ्याच आहेत, वाटा अरुंद. गुडघे दुखणाऱ्या आईबाबांना नेताना वेळ हाताशी ठेवा. बाबागाडी बोगद्यांतून नेणं कठीण. आणि बाग उघडतानाच पोहोचा. गर्दीत बोगद्यात रांग लागली, तर चीन अचानक समोर येण्यातली गंमत निम्मी होते.