फतेगंजचा ३ बीएचके (वापरायला २): कॅम्पस पायी दहा मिनिटं, मालक न्यू जर्सीत

५ पैकी ३ स्टार. त्यातले अडीच नुसत्या लोकेशनचे आहेत हे आधीच सांगते.

हे लिहितेय ते एमएस युनिव्हर्सिटीत ॲडमिशन झालेल्या आणि आता बडोद्यात रूम शोधत फिरणाऱ्या पोरापोरींसाठी, कारण दर जूनला आमच्या जळगाव-भुसावळ-नंदुरबारकडून नवजीवन पकडून येणारं कोणी ना कोणी मला विचारतंच की ताई फतेगंजला बघू की निझामपुऱ्याला, आणि मी दरवेळी तेच सांगते की बाबांनो एरिया नंतर बघा, आधी मालक कुठे राहतो ते विचारा. लोक हसतात. मी दोन्हीकडे राहिलेय, पहिलं वर्ष निझामपुऱ्यात एका टेनामेंटच्या (इथे स्वतंत्र घराला टेनामेंट म्हणतात) गच्चीवरच्या रूममध्ये आणि मग २०२४ च्या जूनपासून फतेगंजच्या या फ्लॅटमध्ये, म्हणून बोलतेय.

फ्लॅट कसा आहे ते आधी. जुनी सोसायटी, दुसरा मजला, लिफ्ट नाही, सेव्हन सीज मॉलपासून आत गल्लीत. हवा मस्त, हॉलला मोठी गॅलरी, किचनमध्ये पाइपचा गॅस. सायन्स फॅकल्टी पायी दहा मिनिटं, हंसा मेहता लायब्ररीतून रात्री उशिरा चालत घरी येताना कधी भीती वाटली नाही, रस्त्यावर जाग असते. फतेगंज म्हणजे जुना कॅम्प, चर्च आहे, सगळ्या प्रकारचे लोक आहेत, अंड्याच्या लाऱ्या, म्हणजे हातगाड्या आहेत, त्यामुळे बाकी बडोद्यात दलाल फोनवर पहिला प्रश्न जो विचारतो, ‘नॉनवेज तो नथी खाता ने?’, तो इथे थोडा कमी ऐकू येतो. कमी म्हणजे बंद नाही हं. आणि दुसरा प्रश्न आडनावाचा. माझ्या एका मैत्रिणीला आडनाव सांगितल्यावर तीन ठिकाणी ‘फ्लॅट आत्ताच गेला’ हे उत्तर मिळालं आणि त्यातल्या एका फ्लॅटचा बोर्ड दिवाळीपर्यंत तिथेच लटकत होता. याला स्टार किती कापायचे तुम्हीच सांगा.

मुली असलात तर मात्र दलाल लगेच घर दाखवतो. मुलगे असतील तर सोसायटीवाले नाक मुरडतात, मुली असतील तर भाव देतात, असा एकंदर हिशेब.

भाडं १४ हजार, तिघींत वाटून. डिपॉझिट दोन महिन्यांचं, दलालाला एक महिन्याचं भाडं, मेंटेनन्स मालकाकडे. मुंबई-पुण्याचे आकडे ऐकलेल्यांना हे स्वस्त वाटेल, आम्हालाही वाटलं. ॲग्रीमेंट नेहमीसारखं ११ महिन्यांचं. हे ११ का, तर १९०८ च्या रजिस्ट्रेशन कायद्याप्रमाणे वर्षाच्या वरचा भाडेकरार रजिस्टर करावा लागतो, तो खर्च आणि हेलपाटे कोणालाच नको असतात, म्हणून सगळे स्टॅम्प पेपरवर नोटरी करून मोकळे होतात. तुम्हीही व्हा, फक्त पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म मालकाकडून भरून घ्या आणि त्याची कॉपी स्वतःकडे ठेवा, नंतर पत्त्याच्या पुराव्याला बरी पडते.

आता गंमत. फ्लॅट ३ बीएचके, पण तिसऱ्या रूमला कुलूप. मालक-मालकीणबाई अमेरिकेत, त्यांचं सामान आत, किल्ली त्यांच्या मेव्हण्याकडे, आणि हे मेव्हणे राहतात गोत्रीला, ते आमचे केअरटेकर. बडोद्यात एनआरआय लोकांचे फ्लॅट ढिगाने आहेत आणि ही बंद रूमची पद्धत फार कॉमन आहे. आम्हाला वाटलं असूदे, आपल्याला दोनच हव्यात.

मग लाइट बिल आलं. बडोद्यात एमजीव्हीसीएलचं, म्हणजे वीज कंपनीचं बिल दोन महिन्यांनी येतं, त्यामुळे घोळ कळेपर्यंत दोन महिने गेलेले असतात. आमच्याकडे एसी नाही, तीन पंखे, एक फ्रिज, आणि बिल असं की जणू आम्ही पिठाची गिरणी चालवतोय. माझी रूममेट कलाभवनची, म्हणजे टेक्नॉलॉजी फॅकल्टीची, इलेक्ट्रिकलला. तिने एका दुपारी घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजचा प्लगसुद्धा काढला, आणि खाली जिन्याजवळ मीटरसमोर जाऊन उभी राहिली. मीटरवरचा तो बारीक लाल दिवा टिक, टिक, टिक चालूच. मग वर येऊन बंद रूमच्या दाराला कान लावला तर आतून घूं असा आवाज. मालकांचा जुना इन्व्हर्टर आत, कायम चार्जिंगला, बॅटरी म्हातारी झालेली त्यामुळे सारखी करंट खात बसलेली, आणि लाइट गेली की आमच्या रूममध्ये अंधारच, कारण त्याची लाइन फक्त त्याच रूमला! तिने एमसीबी बॉक्समध्ये शोधून त्या रूमची लाइन खाली पाडली आणि पुढचं बिल माणसात आलं. केअरटेकर काकांना सांगितलं तर म्हणाले, ‘पूछी लऊं, अमेरिका मां’, म्हणजे अमेरिकेत विचारून घेतो.

हे वाक्य लक्षात ठेवा. वर्षभर आम्हाला हेच उत्तर मिळालं. गीझर बंद, पूछी लऊं. बाथरूमची फरशी निघाली, पूछी लऊं. काका माणूस वाईट नाही, पण हातात शंभर रुपयांचाही अधिकार नाही, आणि तिकडे न्यू जर्सी साडेनऊ तास मागे (थंडीत साडेदहा), म्हणजे आपण सकाळी कॉलेजला निघताना तिथे लोक झोपायला चाललेत.

ऑगस्ट २०२४ चा पूर आठवतच असेल, विश्वामित्री किती वर चढली होती आणि मगरी सोसायट्यांमध्ये फिरत होत्या ते सगळ्या देशाने व्हिडिओत बघितलं. आमच्या घरात पाणी आलं नाही, दुसरा मजला, पण खाली पार्किंगमध्ये आलं आणि सोसायटीची पाण्याची मोटर भिजली. म्हणजे बाहेर सगळीकडे पाणी आणि नळाला थेंब नाही. मोटर दुरुस्तीला प्रत्येक फ्लॅटने वर्गणी काढायची ठरली तेव्हा आमच्या मालकांची वर्गणी कोण देणार यावर चर्चा सुरू, काका म्हणतात पूछी लऊं, अमेरिकेत रात्र, खालच्या मजल्यावरच्या एका बांनी, म्हणजे गुजराती आजींनी, शेवटी स्वतःच्या खिशातून भरले आणि आम्हाला त्यांच्याकडच्या दोन बादल्याही दिल्या. समा एरियात माझी मैत्रीण ग्राउंड फ्लोअरला होती, तिचं तर गादीपासून जर्नलपर्यंत सगळं गेलं. पावसाळ्यात राहायचं असेल तर नदीच्या बाजूचा ग्राउंड फ्लोअर फुकट दिला तरी घेऊ नका, त्यातही समा, अकोटा, मुजमहुडा बघत असाल तर शेजाऱ्यांना २०१९ ला आणि २०२४ ला पाणी कुठवर आलं होतं ते विचारा, लोक भिंतीवर हात लावून दाखवतात.

आणि मग डिसेंबर. एनआरआय सीझन. काकांचा फोन, मालकीणबाई लग्नाला येताहेत, ‘एमना रूम मां’ राहतील, तुम्हाला काही त्रास नाही ना. ॲग्रीमेंटमध्ये बंद रूम मालकांच्या वापरात एवढं लिहिलेलं, त्यामुळे बोलायला जागा नाही. तीन आठवडे मालकीणबाई आमच्यात. भाडं आम्ही पूर्णच दिलं हं, एक बाथरूम चौघींत. पण खरं सांगू का, त्या बाई आल्या, पहिल्या सकाळी गार पाण्याने आंघोळ करून बाहेर आल्या आणि दुपारपर्यंत नवीन गीझर लागला. फरशीवाला दुसऱ्या दिवशी. इन्व्हर्टर भंगारात. जे सहा महिने पूछी लऊं होतं ते दोन दिवसांत झालं, आणि जाताना मला थेपले शिकवून गेल्या. मी तर म्हणते त्यांनी इथेच राहावं.

आता तुलनेसाठी निझामपुरा. तिथे मालक खाली, आम्ही वर. मराठी कुटुंब, आजोबांच्या आधीपासून बडोद्यात, मूळचे दांडिया बाजारच्या वाड्यातले, नंतर इकडे टेनामेंट बांधलं. कॅम्पस लांब, सायकल नाहीतर शटल रिक्षा. काकूंचे नियम: रात्री साडेदहाला गेट बंद, मुलगे आले तर ओट्यावर बसतील, वर नाही. पहिल्या महिन्यात मला वाटलं आपण नातेवाइकांकडे राहायला आलोय. पण नळ गळला की काका संध्याकाळी पाना घेऊन हजर. सब-मीटर त्यांनी आमच्यासमोर रीडिंग लिहून दाखवलं, दर महिन्याला वहीत सही. गुजराती टिफिनमधल्या गोड डाळीने जीव कावला की काकू न विचारता वाटीभर आमटी वर पाठवायच्या. नवरात्रात तर गेटचा नियमच गुंडाळून ठेवलेला, कारण काकू स्वतः रात्री दोनला गरब्यातून यायच्या, आणि आम्ही फाइन आर्ट्सच्या गरब्याला जाऊन त्यांच्याआधी घरी असायचो.

त्रास एकच पण मोठा: उत्तरायण. गच्चीवरची रूम घेणाऱ्यांनी हे कान देऊन ऐका. १४ जानेवारीला सकाळी सहापासून अख्खं खानदान, शेजारी, त्यांचे पाहुणे, स्पीकर, फिरकी, उंधियू, जिलेबी, सगळं तुमच्या दारासमोर, आणि गच्चीवरचं एकमेव बाथरूम तुमचं. १५ ला वासी उत्तरायण, परत तेच. माझी तेव्हा इंटर्नल होती, मी कानात बोळे घालून बसले, दर पाच मिनिटांनी कोणीतरी ‘काइपो छे’ ओरडतंय. शेवटी मीही पतंग धरला. रूमला माझे ४ स्टार आहेत, उत्तरायणचा एक कापून.

परत फतेगंजवर येते, सोडतानाचं राहिलं. डिपॉझिट २८ हजार, त्यातले काकांनी रंगकामाचे ६ हजार कापायचे काढले. आम्ही राहायला आलो त्या दिवशीचे भिंतींचे आणि मीटरचे फोटो व्हॉट्सॲपवर काकांना पाठवून ठेवले होते, तारखेसकट, ते परत त्यांनाच फॉरवर्ड केले. पूछी लऊं झालं. आठ दिवसांनी २६ मिळाले, २ हजार ‘सफाई ना’. भांडलो नाही, कारण तिघींपैकी दोघी गावी निघालेल्या, आणि हे असं बरोबर परीक्षा संपल्यावरच काढतात.

कलाभवनला असाल तर फतेगंजच्या नादी लागू नका, तुम्हाला दांडिया बाजार, रावपुरा बरं, जुनी घरं आहेत, जिने अंधारे आहेत, गाडी लावायला जागा नाही, पण मराठी बोलणारे मालक भेटतात आणि बहुतेक वेळा त्याच घरात राहतात. वाघोडियाच्या बाजूच्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीवाल्यांचं वेगळंच जग आहे, तिथलं मला विचारू नका.

आमच्या त्या फ्लॅटचा बोर्ड परत लागलाय, परवा तिकडून गेले तेव्हा बघितलं, दलाल १६ हजार म्हणतोय. घ्यायचा असेल तर बंद रूमची किल्ली मागा, ती मिळत नसेल तर त्या रूमची लाइन एमसीबीवर पाडून मीटर बघा, डिसेंबरमध्ये कोणी येणार असेल तर त्या महिन्याचं भाडं कमी असं लिहून घ्या, आणि १३ च्या वर जाऊ नका. गीझर नवीन आहे, तो चालतो.