इंटिमेट वॉश, प्रोबायोटिक कॅप्सूल की साधं पाणी?

मेडिकलमध्ये पॅड घ्यायला गेलं की शेजारीच इंटिमेट वॉशची ती गुलाबी बाटली असते, पुढे मोठ्या अक्षरात "पीएच ३.५" आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात "फक्त बाहेरून वापरा". सगळी गंमत त्या मागच्या ओळीतच आहे.

कारण बॅक्टेरिया योनीच्या आतमध्ये असतात, आणि ते असायलाच हवेत. बऱ्याच जणींमध्ये लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले बॅक्टेरिया जास्त असतात, ते ग्लायकोजेनपासून (पेशींत साठलेली साखर) लॅक्टिक अॅसिड बनवतात, म्हणून आतला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ३.८ ते ४.५ म्हणजे चांगला आंबट राहतो, आणि हे बॅक्टेरिया अॅसिड बनवतात हे डोडरलाइन नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९२ मध्येच लिहून ठेवलंय. बाटली बाहेरच्या कातडीवर लावायची, तिचा ३.५ आत कुठून जाणार? साबणाने आग होत असेल तर बिनवासाचा वॉश घ्या, चालेल, नाहीतर साधं पाणी पुरतं. पण वॉश असो की जेट स्प्रे, आत मारू नका प्लीज, त्याने चांगले बॅक्टेरियाच धुवून निघतात.

प्रोबायोटिक कॅप्सूलचं, म्हणजे चांगले बॅक्टेरिया भरलेल्या गोळीचं, जरा वेगळं आहे. अमेरिकेत ज्यांना बीव्ही (बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे आतल्या बॅक्टेरियांचा तोल बिघडणं) झालं होतं त्यांना आधी मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक जेल देऊन मग क्रिस्पॅटस जातीचा लॅक्टोबॅसिलस दिला, तर १२ आठवड्यांत परत त्रास झालेल्या ३० टक्के निघाल्या आणि नुसती औषध नसलेली खोटी पावडर मिळालेल्यांत ४५ टक्के (२०२० चा रिझल्ट). फरक आहे, पण तो योनीत ठेवून दिलेला, गिळलेला नाही, त्यामुळे दुकानातली तोंडाने घ्यायची कॅप्सूल म्हणजे तेच असं धरू नका, डबीवर जातीचं नाव तरी वाचा. दही? विरजणातले बॅक्टेरिया वेगळे, भातावर घ्या मस्त, आत लावू नका.

आणि त्रास असेल तर तिन्ही सोडा. पातळ राखाडी स्राव आणि मासळीसारखा वास आला तर बहुतेक बीव्ही, पनीरच्या चुऱ्यासारखं पांढरं आणि भयंकर खाज असेल तर बहुतेक यीस्ट (बुरशीचं इन्फेक्शन), दोन्हीची औषधं वेगळी, त्यामुळे मैत्रिणीची उरलेली क्रीम न लावता गायनॅककडून तपासून घ्या. थोडा पांढरा स्राव मात्र रोजचाच असतो.

माझी अर्धी बाटली मी हँडवॉश म्हणून संपवली, नवऱ्याला अजून माहीत नाही.