समोर बसलेल्या माणसाचे तैलचित्र: एका बैठकीत की थराथराने?

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी भागात राहून ज्यांना समोर बसलेल्या माणसावरून तैलरंगात मानवाकृती रंगवायची आहे, त्यांना सुरुवातीलाच पद्धत निवडावी लागते. ओल्या रंगातच ओला रंग मिसळत दोन-तीन तासांच्या एका बैठकीत चित्र पूर्ण करायचे, की आधी एकरंगी अस्तर करून ते वाळल्यावर पुढच्या बैठकांत थर चढवत जायचे? चित्रकार के. बी. कुलकर्णी यांची ‘चित्रमंदिर’ ही कलाशाळा आणि त्यांच्याकडे शिकलेले चित्रकार रवी परांजपे यांच्यामुळे बेळगावला व्यक्तिचित्रण नवे नाही. तरीही मोठ्या शहरांतल्या कलाशाळांना मिळतात तशी बैठकीला सरावलेली मॉडेल येथे सहसा मिळत नाहीत. बसायला येतो तो ओळखीचा शेतकरी, घरातले आजोबा किंवा तालमीतला पैलवान. म्हणून आपल्याला कोणती पद्धत आवडते यापेक्षा तो माणूस किती वेळा येऊ शकेल, हे आधी पाहावे असे माझे ठाम मत आहे.

एका बैठकीच्या पद्धतीचा मोठा लाभ म्हणजे माणूस, प्रकाश आणि रंग ही तिन्ही एकाच वेळी हाताशी असतात. आयुष्यभर उन्हात राबलेल्या शेतकऱ्याने टोपी काढली की कपाळावर जी फिकट पट्टी दिसते, तिचा रंग खालच्या तांबूस गालाशेजारी ठेवूनच समजतो; कानामागून उजेड आला तर कानाची पाळी लालसर उजळते; हात खाली सोडला की शिरा फुगतात आणि गुडघ्यावर ठेवला की हळूहळू बसतात. हे सारे पाहता पाहता ओल्या रंगात टिपता येते. त्यासाठी रंग थोडेच घ्यावेत. स्वीडनचे चित्रकार आंदर्स झोर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ओळखले जाणारे पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि काळा असे चार रंगांचे पॅलेट चेहऱ्याला पुरते. आपल्याकडच्या सावळ्या कांतीसाठी त्यात बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घालावा. मात्र या पद्धतीत रेखाटन चुकले तर ते रंगाने झाकता येत नाही. डोळ्यांमधले अंतर पहिल्या अर्ध्या तासात बरोबर आले नसेल, तर पुढचे दोन तास त्या चुकीवरच रंग चढत राहतो. अशा वेळी सगळे पुसून पुन्हा सुरुवात करणे हाच प्रामाणिक मार्ग आहे, आणि रंग ओला असल्यामुळे तो शक्यही असतो.

थरांच्या पद्धतीत अडचणी एकेक करून सोडवता येतात. पहिल्या बैठकीत टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी रंगात) आकार आणि छायाप्रकाश बसवायचा, नंतर कांतीचे रंग भरायचे आणि शेवटी ग्लेझ, म्हणजे रंगाचा पातळ पारदर्शक थर, देऊन सावल्यांना खोली आणायची. पूर्णाकृतीसाठी, विशेषतः पैलवानाच्या खांद्या-पाठीच्या स्नायूंसाठी, मला हीच पद्धत अधिक भरवशाची वाटते. पण तिला वाळण्याचा वेळ द्यावा लागतो. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच जवसाचे तेल तैलरंगात असते. ते पाण्यासारखे उडून जात नाही, तर हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. अंबरमध्ये मँगनीज असल्यामुळे तो लवकर वाळतो. टायटॅनियम व्हाइट आणि आयव्हरी ब्लॅक रेंगाळतात. खालचा थर वरच्याच्या आधी वाळावा म्हणून खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे अधिक तेलाचे ठेवावे लागतात, नाहीतर पुढे रंगाला भेगा पडतात.

बेळगावच्या पावसाळ्यात हा प्रश्न अधिकच बिकट होतो. एका ऑगस्टमध्ये आठ दिवस ठेवलेला गालावरचा थर मला वाळल्यासारखा वाटला. त्यावर ग्लेझ दिला, तेव्हा ब्रशबरोबर खालचा रंगही उचलला गेला आणि तीन बैठकांचे काम वाया गेले. तेव्हापासून मी कडेला बोटाचे टोक हलकेच टेकवून पाहिल्याशिवाय पुढचा थर देत नाही.

याच पावसाळ्यात प्रकाश मात्र उत्तम असतो. ढगाळ आभाळाखाली उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड तासन्‌तास फारसा बदलत नाही, सावल्यांच्या कडा मऊ राहतात आणि चेहऱ्याची घडण स्वच्छ वाचता येते. तेव्हा जून ते सप्टेंबर एका बैठकीची चित्रे करावीत. फक्त भात लावणीच्या दिवसांत शेतकऱ्याला बोलावू नये. त्या काळात घरातली वडीलधारी माणसे बसतात. सुगी उरकली की जानेवारीपासून शेतकरी थोडा मोकळा होतो, हवा कोरडी असते आणि थर वेळेत वाळतात. तेव्हाचा उजेड मात्र सारखा सरकत असल्यामुळे प्रत्येक बैठक त्याच वेळी, समजा सकाळी नऊ ते अकरा, ठेवावी. पैलवानाला सकाळ-संध्याकाळच्या मेहनतीमधली दुपार सोयीची पडते.

बसणाऱ्याच्या कष्टांकडे दोन्ही पद्धतींत सारखेच लक्ष हवे. वीस मिनिटांनंतर मान खाली झुकते, ओठांचे कोपरे उतरतात आणि आपण नकळत थकवा रंगवू लागतो. म्हणून दर वीस मिनिटांनी पाच मिनिटे विश्रांती द्यावी आणि पायांच्या व खुर्चीच्या जागा खडूने आखून ठेवाव्यात. बुडालेल्या दिवसाची मजुरी आधीच ठरवून द्यावी. थरांच्या पद्धतीत चार-पाच बैठकांची मजुरी होते, हा खर्च निवड करताना धरायला हवा.

ज्यांनी अजून एकही चेहरा तैलरंगात केलेला नाही, त्यांनी छोट्या कॅनव्हासवर एका बैठकीची दहा-बारा शीर्षचित्रे (फक्त डोके-चेहऱ्याची चित्रे) आधी करावीत. त्यातून कांतीचे रंग ओळखू लागल्यावर, आणि चार वेळा येण्याचा शब्द देणारा कोणी मिळाल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर पूर्णाकृती थरांनी सुरू करावी. चित्रावर शेवटी द्यायच्या वॉर्निशच्या संरक्षक लेपाची घाई करू नये. रंग पातळ असला तरी सहा महिने आणि जाड असेल तर वर्षभर थांबावे.