जुनी महिंद्रा ई-टू-ओ प्लस: नागपुरातल्या वापरानंतरचा अनुभव

विजेवर चालणारी ही गाडी सेकंडहँड घेतली म्हटलं की समोरचा पहिलं हेच विचारतो, कंपनीने बंद का केली मग? खराब होती का? उन्हाळा, पावसाळा, थंडी सगळं काढून झालंय, तेव्हा सांगतो. घरच्या दुसऱ्या गाडीचं काम ती मस्त करते. तिला लावलं मात्र भलत्याच कामाला.

आधी वापराचं. माझं मॉडेल पी-६. नवी असताना एका चार्जमध्ये ११० किलोमीटर हा कंपनीचा आकडा होता, पण इतक्या वर्षांच्या बॅटरीकडून तेवढी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. थंडीत एसी न लावता सत्तरच्या घरात जाते. मे महिन्यात भरदुपारी एसी लावला की साठ धरून चालायचं. प्रतापनगरहून बर्डी, तिथून सदर, येताना भाजी, एवढं करून घरी आलो तरी चार्ज उरतो. रात्री पोर्चमधल्या १५ अँपिअरच्या प्लगला लावून द्यायची. शहरात किलोमीटरमागे खर्च आमच्या स्कूटरपेक्षा कमी येतो.

बॉडी प्लास्टिकची. स्टीलच्या सांगाड्यावर पॅनेल बसवलेत आणि रंग प्लास्टिकमध्येच मिसळलेला आहे. इतवारीत हातगाडी घासून गेली. ओरखडा उमटला, पण पोचा नाही, आणि ओरखड्याच्या आतही तोच लाल. दार लावलं की टिफिनच्या डब्याचं झाकण लावल्यासारखा आवाज येतो, बायकोला तो अजून आवडत नाही. एअरबॅग नाही. म्हणून वर्धा रोडला ट्रकच्या मधे मी ही गाडी घालत नाही.

आता बंद का झाली ते. मूळ बीज बंगळुरूच्या रेवा या छोट्या इलेक्ट्रिक गाडीचं, २००१ सालचं. महिंद्राने २०१० मध्ये ती बनवणाऱ्या कंपनीतला बहुसंख्य हिस्सा घेतला, २०१२ मध्ये वर्षाला ३०,००० गाड्यांच्या क्षमतेचा कारखाना उघडला आणि २०१३ मध्ये दोन दारांची ई-टू-ओ आणली. विक्री त्या क्षमतेच्या आसपासही गेली नाही. चार दारांची प्लस २०१६ च्या ऑक्टोबरात आली. तोवर बाहेर चार्जर जवळपास नव्हतेच, आणि तेवढ्याच पैशात पेट्रोलची मोठी गाडी येत होती. घरचा माणूस कशाला घेईल? मग गिऱ्हाईक उरलं टॅक्सीवाल्यांचं.

आणि इथे आमचं नागपूर येतं. मे २०१७ मध्ये ओला आणि महिंद्राने मिळून इथे इलेक्ट्रिक टॅक्सी सुरू केल्या, गडकरी आणि फडणवीस दोघेही हजर होते. त्यात ई-टू-ओ प्लस बऱ्याच होत्या. पण टॅक्सी दिवसभर पळाली तरच चालकाचं पोट भरतं. शंभरेक किलोमीटरची बॅटरी दुपारीच रिकामी, मग चार्जिंगला तासन् तास रांग, आणि रांगेतला तास म्हणजे बुडालेलं भाडं. २०१८ च्या सुरुवातीला एका चार्जिंग स्टेशनजवळच्या रहिवाशांनी गाड्यांच्या गर्दीविरुद्ध आवाज उठवला आणि ते बंद करावं लागलं. काही चालकांनी गाड्या परत करून पुन्हा डिझेल धरलं. माझ्या मते यात गाडीचा दोष कमी. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या घरासाठीची बॅटरी दोनशे किलोमीटरच्या धंद्याला जुंपली.

शेवटचा घाव २०१९ चा. जुन्या मॉडेलनाही एप्रिलपासून एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा), जुलैपासून चालकाची एअरबॅग आणि ऑक्टोबरपासून टकरीची चाचणी सक्तीची झाली. ई-टू-ओचा सांगाडा या नियमांत बसवायचा तर जवळजवळ नवी गाडी करायची, आणि एवढ्याशा खपावर तो खर्च निघणार कुठून? त्यात एप्रिलपासून फेम-२, म्हणजे केंद्राची इलेक्ट्रिक गाड्यांना अनुदान देणारी योजना, आली, आणि चारचाकीचं अनुदान फक्त व्यावसायिक वापरापुरतं उरलं. म्हणजे ही गाडी ज्याच्या खऱ्या उपयोगाची, त्या घरगुती गिऱ्हाइकालाच सवलत नाही! त्याच वर्षी कंपनीने तिला रजा दिली. महिंद्राचीच इलेक्ट्रिक तीनचाकी ट्रिओ आधीच, २०१८ मध्ये आली होती आणि तिथे गणित जुळलं. घरगुती गिऱ्हाइकासाठी एक्सयूव्ही-४०० ही इलेक्ट्रिक गाडी आली ती थेट २०२३ मध्ये, किंमत कितीतरी वरची.

कुणी जुनी ई-टू-ओ प्लस बघत असेल तर टॅक्सी पासिंगची टाळा, खासगी नोंदणीचीच घ्या. पूर्ण चार्ज करून, एसी लावून, मालकाला शेजारी बसवून वीसेक किलोमीटर चालवा आणि चार्जचा आकडा किती उतरतो ते बघा. भाव त्यानंतरच बोला.